ब्लेंडर आणि एफस्पाय: जुन्या फोटोतल्या रस्त्यावर फोर्ड उभी करायची तर

निकाल आधीच सांगून टाकू. जुन्या कृष्णधवल फोटोत संगणकावर घडवलेली मोटार बसवायची असेल, तर थ्रीडी चित्रं घडवणारं ब्लेंडर, फोटोवरून कॅमेऱ्याची जागा शोधणारं एफस्पाय आणि फोटोवर हात फिरवणारं गिंप या तीन फुकट सॉफ्टवेअरवर काम भागतं. भिंतीवर मोठं करून लावण्याइतकं चांगलं होतं. पण ब्लेंडर उघडल्यावर जसं समोर येतं तसंच वापरलं, तर गाडी हमखास कात्रण चिकटवल्यासारखी दिसते. दोष बहुतेक वेळा मॉडेलचा नसतो. ब्लेंडरच्या मूळ सेटिंग आजच्या रंगीत, स्वच्छ चित्रासाठी लावलेल्या असतात. आपल्याला हवं असतं जुन्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असायची त्या काचेच्या प्लेटवरचं, लाल रंग न ओळखणारं, कडा किंचित विरघळलेलं चित्र. म्हणून हा रिव्ह्यू बराचसा 'काय बदलायचं आणि का' याचाच आहे.

आवृत्ती ब्लेंडर ४.२ एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी), म्हणजे जुलै २०२४ ची. नंतरच्या आवृत्त्यांत काही बटणं इकडची तिकडे झाली आहेत, पद्धत तीच. नमुना म्हणून मुंबईचा ट्रामचा रस्ता धरला आहे: हॉर्नबी रोड, आजचा दादाभाई नवरोजी रस्ता. गाडी फोर्ड मॉडेल टी टूरिंग, म्हणजे कापडी टपाची उघडी मोटार, कारण तिची मापं पक्की माहीत आहेत आणि फुकट थ्रीडी मॉडेलं सहज मिळतात.

मॉडेल उतरवण्याआधी

फोटोचं साल ठरल्याशिवाय गाडी शोधू नये. मुंबईच्या फोटोत साल ट्रामच सांगते. घोड्याची ट्राम १८७४ पासून, विजेची १९०७ पासून. डोक्यावर तारा दिसल्या की फोटो १९०७ च्या अलीकडचा. दुमजली ट्राम दिसली तर १९२० च्या अलीकडचा, आणि बस दिसली तर जुलै १९२६ च्या. मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली. तिचा पितळी रेडिएटर १९१६ पर्यंतच होता; १९१७ च्या मॉडेलपासून काळं कवच आलं. दुमजली ट्रामशेजारी पितळी तोंडाची फोर्ड उभी करता येईल, पण मग ती चार-पाच वर्षं वापरलेली दिसायला हवी. शोरूममधून नुकतीच बाहेर पडल्यासारखी चकाचक नको.

दुसरी गोष्ट सुकाणूची, आणि इथे बरीच चित्रं फसतात. इंटरनेटवरची मॉडेलं अमेरिकन गाडीची, म्हणजे डाव्या सुकाणूची असतात. हिंदुस्थानात येणारी फोर्ड कॅनडातल्या कारखान्याची, उजव्या सुकाणूची. सोपा उपाय म्हणून अख्खी गाडी आरशासारखी उलटवली की रेडिएटरवरचं 'फोर्ड' हे नावही उलटं होतं. शिवाय उणे स्केलमुळे पृष्ठभागांच्या दिशा उलट्या पडून शेडिंगवर काळे डाग येतात. अमेरिकन टूरिंगच्या डाव्या बाजूचा पुढचा दरवाजा खोटा असतो, नुसती पत्र्यावर उठवलेली चौकट. गाडी उलटवली की ही खोटी चौकट उजवीकडे येते, आणि कॅनडाच्या गाडीला तर दोन्हीकडे खरे दरवाजे. म्हणून फक्त सुकाणू, त्याचा दांडा आणि हातब्रेक तेवढे उचलून उजवीकडे न्यावेत, आणि खऱ्या दरवाज्याची मूठ व बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला कॉपी कराव्यात. पंधरा मिनिटांचं काम आहे.

मापाची खात्री लगेच करून घ्यावी. दोन आसांमधलं अंतर १०० इंच, म्हणजे २.५४ मीटर. टायरचा बाहेरचा व्यास ३० इंच, म्हणजे ७६ सेंमी. उतरवलेलं मॉडेल शंभरपट मोठं किंवा इंच-सेंटिमीटरच्या घोळात अडीचपट निघतं. एस दाबून स्केल करावं आणि मग कंट्रोल-ए करून ते स्केल पक्कं करावं, नाहीतर पुढे सावलीपासून मोशन ब्लरपर्यंत (हलत्या वस्तूच्या पुसटपणापर्यंत) सगळे आकडे खोटं बोलतात. चाकं वेगळी ऑब्जेक्ट हवीत आणि प्रत्येकाचा उगमबिंदू (ओरिजिन) आसावर. लायसन्सही तेव्हाच वाचावं. 'व्यावसायिक वापर नाही' असं लिहिलेलं मॉडेल नाटकाच्या पोस्टरला चालत नाही.

एफस्पाय: छोटं, हट्टी आणि अनिवार्य

एका फोटोतल्या समांतर रेषांवरून कॅमेरा शोधून काढण्याची सोय ब्लेंडरमध्ये नाही. व्हिडिओसाठी ट्रॅकिंग आहे, एकट्या फोटोसाठी काही नाही. ही उणीव आता बोचण्याइतकी जुनी झाली आहे. ती एफस्पाय भरून काढतं. फोटो टाकायचा, इमारतींच्या छज्ज्यांवर आणि रुळांवर रेषा ओढायच्या, दोन व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर रेषा लांबवर मिळाल्यासारख्या दिसतात ते बिंदू) ठरले की कॅमेऱ्याची उंची, कल आणि लेन्स मिळते. ब्लेंडरच्या अॅड-ऑनने (जोडून घ्यायच्या छोट्या प्रोग्रामने) ती फाईल आत आली की कॅमेरा जागच्या जागी उभा.

पण जुन्या फोटोत एक ग्यानबाची मेख आहे. त्या काळचे छायाचित्रकार मोठ्या प्लेट कॅमेऱ्याची लेन्स वर सरकवून इमारतींच्या उभ्या कडा सरळ ठेवत. त्यामुळे चित्राचा मध्य आणि लेन्सचा अक्ष एका जागी नसतो. एफस्पाय मात्र तो मध्यावरच धरून चालतं. ओळखायचं असं: खांब, भिंतींच्या कडा अगदी समांतर आहेत, पण क्षितिजरेषा चित्राच्या मधोमध नाही, बरीच खाली आहे. असं असेल तर 'प्रिन्सिपल पॉइंट', म्हणजे लेन्सचा अक्ष चित्राला छेदतो तो बिंदू, मॅन्युअल करून थेट क्षितिजरेषेवर आणून ठेवावा. आडव्या दिशेने तो मूळ प्लेटच्या मध्यावर हवा, आणि फोटो डावी-उजवीकडून कापलेला असेल तर तेही हिशेबात धरावं. एवढं केलं की ब्लेंडरमध्ये हा फरक कॅमेऱ्याच्या 'शिफ्ट वाय' (चित्र वर-खाली सरकवण्याचा आकडा) मध्ये उतरतो आणि खांब खांबासारखे उभे राहतात. नाही केलं तर कॅमेरा वर तोंड करून बघतो आहे असा हिशेब लागतो, आणि गाडीचं नाक खड्ड्यात गेल्यासारखं दिसतं. मग लोक गाडी हाताने फिरवून 'जुळवतात' आणि सावली बिघडवून ठेवतात.

एकच व्हॅनिशिंग पॉइंट मिळत असेल, म्हणजे रस्ता थेट समोर पळतो आहे, तर लेन्स आपल्याला सांगावी लागते. ८ बाय १० इंचाची प्लेट आणि ३०० मिमीची लेन्स हा अंदाज सुरुवातीला ठीक. आजच्या ३५ मिमी कॅमेऱ्याच्या भाषेत ती साधारण ४० मिमी होते.

प्रमाण लावायला ट्रामचे रूळ हातात आहेत. मुंबईच्या ट्रामचा गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर, ४ फूट साडेआठ इंच, म्हणजे १४३५ मिमी. एफस्पायमध्ये उगमबिंदू एका रुळाच्या आतल्या कडेवर ठेवावा, संदर्भ-अंतराचं दुसरं टोक समोरच्या रुळाच्या आतल्या कडेवर, आणि १.४३५ मीटर लिहावं. गंमत अशी की मॉडेल टीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ५६ इंच, म्हणजे रुळांपेक्षा जेमतेम अर्धा इंच कमी. गाडी रुळांवर आणून सोडली की दोन्ही टायर रुळांच्या आतल्या कडांवर पडले पाहिजेत. पडले तर पुढची सगळी मापं बरोबर. यापेक्षा स्वस्त आणि पक्की चाचणी नाही.

आणखी एक तपासणी क्षितिजरेषेची. कॅमेरा जमिनीपासून जितका उंच, तितक्याच उंचीवर ती रेषा जवळच्या-लांबच्या प्रत्येक वस्तूला कापते. तिपाईवरून, दीड मीटरवरून घेतलेला फोटो असेल तर ती गाडीच्या पुढच्या काचेवरून गेली पाहिजे, मग गाडी जवळ असो की लांब. पहिल्या मजल्याच्या सज्जातून घेतलेल्या फोटोत गाडीचा टप वरून दिसलाच पाहिजे.

ऊन आणि सावली: इथे ब्लेंडरचे पैसे वसूल

पैसे दिलेले नाहीत, तरी वसूल. सायकल्स या रेंडररमधला (ब्लेंडरच्या अंतिम चित्र काढणाऱ्या भागातला) शॅडो कॅचर हाच हे सॉफ्टवेअर या कामासाठी निवडण्याचं मुख्य कारण. रस्त्याच्या जागी एक सपाट प्लेन टाकायचं, ऑब्जेक्टच्या 'व्हिजिबिलिटी' मध्ये शॅडो कॅचरवर टिक, रेंडरच्या 'फिल्म' मध्ये ट्रान्सपरंटवर टिक. प्लेन अदृश्य होतं, सावली राहते.

फोटोतल्या उन्हाची दिशा दोन रीतींनी मिळते. साधी रीत: फोटोतल्या एखाद्या खांबाच्या जागी तेवढ्याच उंचीचा सिलिंडर उभा करावा आणि सन लाइट फिरवत त्याची सावली फोटोतल्या सावलीवर आणावी. दुसरी रीत 'सन पोझिशन' या अॅड-ऑनची, ४.२ पासून तो एक्स्टेन्शनमधून वेगळा घ्यावा लागतो. मुंबईसाठी अक्षांश १८.९६ उत्तर, रेखांश ७२.८२ पूर्व. हॉर्नबी रोड साधारण उत्तर-दक्षिण पळतो. व्हीटीच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे बघणाऱ्या फोटोत ऊन उजवीकडून आलं तर सकाळ, डावीकडून आलं तर दुपारनंतरची वेळ. मुंबईत डिसेंबरातही भर मध्यान्ही सूर्य ४७ अंशांच्या वर असतो, म्हणजे मध्यान्हीची सावली वस्तूच्या उंचीपेक्षा लांब पडत नाही. लांब सावली असलेल्या फोटोखाली कुणी 'भर मध्यान्हीचा हॉर्नबी रोड' लिहिलं असेल तर ते सोडून द्यावं.

फोटोत घड्याळ दिसत असेल तर आणखी मजा. बॉम्बे टाइम हा ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता, आणि शहरात तो १९५५ पर्यंत टिकला. रेल्वे वेगळ्या वेळेवर चालत होती. घड्याळ कुणाचं आहे ते बघूनच अॅड-ऑनमध्ये वेळ टाकावी, नाहीतर सूर्य जवळजवळ १० अंश सरकतो.

सन लाइटचा मूळ कोन ०.५२६ अंश, खऱ्या सूर्याएवढा. त्याने टपाची सावली, जी जमिनीपासून दोन मीटरवरून पडते, तिची कड दोनएक सेंटिमीटरच पुसट होते. धुरकट दिवस असेल तर कोन २ ते ४ अंश करावा. फोटोतल्या खांबाच्या सावलीचं टोक किती विरलं आहे ते बघून ठरवावं. आकाशासाठी पॉली हेवनवरचे 'प्युअर स्काय' प्रकारचे एचडीआरआय (चारी बाजूंचा उजेड साठवलेली चित्रं) घ्यावेत. ते फुकट आणि सीसी झिरो, म्हणजे हक्क सोडलेले, आहेत. रस्त्याचा किंवा पार्किंगचा एचडीआरआय घेतला तर पितळी कंदिलात आजची हॅचबॅक दिसते, आणि ती कुणालातरी दिसतेच.

आता जवळून बघू. मॉडेल टी जमिनीपासून बरीच उंच उभी असते. तिच्या पोटाखालून ऊन आरपार जातं. त्यामुळे खालची सावली म्हणजे काळी फरशी नव्हे. चाकाचे १२ लाकडी आरे जमिनीवर पट्ट्या टाकतात, पायफळीची सरळ रेघ पडते, मध्ये उन्हाचा तुकडा मोकळा राहतो. हाताने ब्रशने काढलेली सावली नेमकी इथे उघडी पडते आणि शॅडो कॅचर जिंकतो. फक्त टायर जमिनीला टेकतो तिथे प्लेनच्या वर न ठेवता ५ ते १० मिमी खाली दाबावा. मातीच्या रस्त्यावर टायर थोडा रुततोच. नाहीतर टायरखाली उजेडाची बारीक फट राहते आणि गाडी तरंगते.

शॅडो कॅचरच्या दोन खोडी आहेत. पहिली: प्लेनचं मूळ मटेरियल ०.८ इतकं उजळ असतं, आणि दिसत नसलं तरी ते गाडीच्या पोटावर उजेड फेकतं. बेस कलर रस्त्याच्या जवळ, ०.२५ ते ०.३५ असा गडद करावा. दुसरी खोड दुहेरी सावलीची. 'शॅडो कॅचर' नावाचा पास (रेंडरमधून वेगळा काढलेला थर) घेऊन तो फोटोशी मल्टिप्लाय करणं हीच नीट पद्धत. पण त्यावर पुन्हा नेहमीचा 'कंबाइन्ड' (सगळं एकत्र असलेला) पास अल्फा ओव्हरने, म्हणजे पारदर्शकता सांभाळून वरून, टाकला तर त्यातही सावली असतेच, आणि गाडीखाली कोळसा जमा होतो. म्हणून दुसरा व्ह्यू लेयर (रेंडरचा वेगळा संच) करावा, त्यात रस्त्याचं कलेक्शन (वस्तूंचा गट) 'इनडायरेक्ट ओन्ली' ठेवावं, म्हणजे रस्ता दिसत नाही, फक्त उजेड परतवतो. पहिल्या लेयरमधून फक्त सावलीचा पास, दुसऱ्यातून फक्त गाडी.

सावली किती गडद हवी याचा अंदाज डोळ्याने बांधू नये. शेजारच्या ट्रामच्या किंवा व्हिक्टोरिया घोडागाडीच्या सावलीचा आकडा कलर पिकरने घ्यावा आणि आकाशाची स्ट्रेंग्थ कमी-जास्त करत गाडीची सावली त्या आकड्यावर आणावी.

रेंडर अख्ख्या फोटोचं करायची गरज नाही. ४५०० बाय ३२०० पिक्सेलच्या फोटोत गाडी १४०० बाय ९०० मध्ये मावत असेल तर कॅमेऱ्यातून बघताना कंट्रोल-बीने तेवढाच चौकोन आखावा. काम अकराव्या हिश्शावर येतं. 'क्रॉप टू रेंडर रीजन' वर मात्र टिक करू नये. चित्र पूर्ण मापाचं राहिलं तर गाडी आपोआप जागेवर बसते, कापलं तर ती जागा हाताने शोधत बसावी लागते. साध्या लॅपटॉपवर, ग्राफिक्स कार्डाशिवायही एवढं रेंडर होतं, फक्त चहाला वेळ मिळतो.

रंगात रेंडर, शेवटी काळं-पांढरं

ब्लेंडर ४.० पासून रंगांचं मूळ सेटिंग 'एजीएक्स' आहे. रंगीत दृश्यासाठी ते उत्तम, इथे घातक. स्कॅन केलेला फोटो कंपोझिटरमध्ये (ब्लेंडरच्या थर जोडण्याच्या भागात) त्यातून गेला की पांढरा राखाडी होतो, काळा उडतो, आणि आपण न केलेली चूक शोधत बसतो. 'व्ह्यू ट्रान्सफॉर्म' स्टँडर्ड करावा. मग फोटो जसा आत आला तसाच बाहेर येतो. कॅमेऱ्यामागे दिसणारा फोटो हा फक्त नजरेसाठी असतो, रेंडरमध्ये उतरत नाही, हेही नव्या माणसाला कुणी सांगत नाही. कंपोझिटरमध्ये तो इमेज नोडने (नोड म्हणजे एकेका कामाचा ठोकळा) वेगळा आणावा लागतो.

आता खरा मुद्दा. त्या काळच्या बहुतेक प्लेटा लाल रंगाला आंधळ्या होत्या. सर्व रंग टिपणाऱ्या प्लेटा १९०६ पासून बाजारात होत्या, तरी १९२० च्या दशकातही ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल न टिपणारा, मालच सर्रास चालायचा. निळं आकाश कोरं पांढरं, विटा गडद, मागच्या दिव्याची लाल काच काळी, पितळ आपल्याला वाटतं त्यापेक्षा सावळं. ब्लेंडरमधून सरळ 'आरजीबी टू बीडब्ल्यू' केलं तर लाल-हिरव्याला जास्त वजन मिळतं आणि गाडी वेगळ्याच दशकातली वाटते. त्याऐवजी सेपरेट कलर नोड घ्यावा: लाल शून्य, हिरवा ०.४, निळा ०.६, आणि बेरीज. फोटोतली झाडं जवळपास काळी असतील तर प्लेट त्याहून जुन्या धाटणीची. तेव्हा हिरवा ०.१५, निळा ०.८५.

याचा सगळ्यात मोठा परिणाम गाडीच्या काळ्या रंगावर दिसतो. फोर्डची ही गाडी १९१४ ते १९२५ फक्त काळीच मिळत होती, म्हणून लोक ती सरसकट काळी रंगवतात. जुन्या फोटोंकडे नीट पाहा. बॉनेटचा वरचा भाग आणि मडगार्डांचे वाकलेले खांदे जवळजवळ पांढरे असतात, कारण काळ्या व्हार्निशात निळं आकाश पडतं आणि प्लेटला ते पांढरं दिसतं. काळा उरतो तो दरवाज्याच्या उभ्या पत्र्यावर आणि चाकाच्या आत. हा परिणाम वरच्या निळ्या मिश्रणातून आपोआप येतो, पण एका अटीवर: एचडीआरआय रंगीत हवा आणि काळं-पांढरं सगळ्यात शेवटी करायला हवं. आधीच राखाडी आकाश लावलं की गाडी रबराची होते. रंगाचा बेस ०.०२, रफनेस (खरखरीतपणा; कमी म्हणजे चकचकीत) ०.१५ ते ०.३, आणि मडगार्डांच्या खालच्या भागावर धूळ. धुळीला रफनेस ०.८. टपाच्या कापडाला काळा ०.०५ आणि रफनेस ०.९.

मग टोन. फोटोतला सगळ्यात गडद बिंदू किती? जुन्या प्रिंटमध्ये तो शून्य नसतो. ० ते २५५ च्या मोजणीत समजा २८ आहे. सगळ्यात उजळ २३५. मग गाडीतही २८ खाली आणि २३५ वर काही जाता कामा नये. गाडी रस्त्यात लांब असेल तर काळा आणखी वर उचलावा, कारण निळ्याला संवेदनशील प्लेट धूसरपणा वाढवून दाखवते. त्याच अंतरावरच्या व्हिक्टोरियाचा काळा मोजला की आकडा मिळतो. फोटो तपकिरी असेल तर आधी त्याला राखाडी करावं, जोडकाम तिथे उरकावं आणि तपकिरी छटा शेवटी दोघांना एकदम द्यावी. गाडीला वेगळी छटा देऊन कुणाचंही जुळलेलं नाही.

चालती गाडी

उभी गाडी सोपी. चालती दाखवायची असेल तर एक हिशेब. शटर १/२५ सेकंद आणि वेग ताशी २० किमी धरला, तर तेवढ्या वेळात गाडी २२ सेंमी पुढे सरकते आणि ३० इंची चाक सुमारे ३३ अंश फिरतं. आऱ्यांमधलं अंतर ३० अंश. म्हणजे आरे एकमेकांत मिसळून चाकाची करडी चकती होते. फक्त खाली, जमिनीजवळ, चाक क्षणभर स्थिर असल्याने तिथले आरे ओळखू येतात. हे अर्धवट पुसलेलं चाक जमलं की बाकीच्या चुका लोक माफ करतात.

ब्लेंडरमध्ये फ्रेम रेट २५ आणि शटर १.० केलं की बरोबर १/२५ सेकंद मिळतो. मूळ शटर ०.५ असतं. कीफ्रेमचं (गाडीची जागा नोंदलेल्या फ्रेमांमधल्या प्रवासाचं) इंटरपोलेशन लिनियर, म्हणजे एकसारख्या वेगाचं, करावं, नाहीतर मूळच्या बेझियरमुळे सुरुवातीला गाडी हळू असते आणि ब्लर कमी येतो. चाकांचा मार्ग वळणाचा असल्याने ऑब्जेक्टच्या मोशन ब्लरमध्ये स्टेप्स १ वरून ३ कराव्यात. आणि फोटोत चालणारी माणसं ठळक असतील तर शटर त्याहून जलद होतं. माणसं पुसट आणि गाडी ठळक, असं जुळत नाही.

गिंप: शेवटचा हात

ब्लेंडरच्या कंपोझिटरमध्येही दाणा (जुन्या फोटोतला बारीक रवाळपणा) घालता येतो, पण मोजून घालणं अवघड जातं. गिंपमध्ये हिस्टोग्राम (किती पिक्सेल किती उजळ याचा आलेख) उघडा ठेवता येतो, म्हणून गाडी १६ बिट पीएनजी करून तिकडे न्यावी. क्रम असा: आधी कड मऊ, मग टोन, मग दाणा, मग ओरखडे. उलटं केलं की दाणाही मऊ होतो आणि गाडीवर साय आल्यासारखी दिसते.

कड मोजायची तर १०० टक्क्यांवर खांबाची कड बघावी. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ५ पिक्सेल लागत असतील आणि गाडीला २, तर गाडीला १.५ च्या आसपास गॉशियन ब्लर. आकाशाला टेकलेल्या काळ्या कडा थोड्या खाल्ल्या गेलेल्याही असतात, कारण प्लेटच्या काचेतून उजेड परत उसळायचा. टपाच्या वरच्या कडेला तेवढी झाक द्यावी, फार नको.

दाण्यासाठी फोटोतल्या सपाट भिंतीचा १०० बाय १०० पिक्सेलचा तुकडा निवडून हिस्टोग्राममधला स्टँडर्ड डेव्हिएशन (उजळपणा सरासरीभोवती किती हलतो तो आकडा) वाचावा. समजा ६ आहे. गाडीच्या दरवाज्यावर तोच आकडा १ सुद्धा नसतो. नॉइज टाकून १ पिक्सेल ब्लर केला की त्याचा आकडा सुमारे ०.२८ पट उरतो, म्हणून ६ हवा असेल तर ब्लरआधी २१ च्या आसपास टाकावा. नॉइज टाकताना तिन्ही रंगांना वेगळा नको. मोठ्या काचेच्या प्लेटवरून थेट केलेल्या स्कॅनमध्ये दाणा जवळपास नसतोच, तिथे ही पायरी सोडावी. पोस्टकार्डाच्या किंवा प्रिंटच्या प्रिंटच्या फोटोत ती टाळता येत नाही.

ओरखडे गाडीच्या वरून जायला हवेत, खालून नव्हे. फोटोवरची चीर गाडीपाशी येऊन थांबली की खेळ खलास. मूळ फोटोची प्रत घेऊन वेव्हलेट डीकंपोज करावा, म्हणजे फोटो बारीक ते ठळक तपशिलांच्या थरांत वेगळा होतो, वरचे दोन बारीक थर घेऊन मास्कने फक्त चिरेची रेघ उघडी ठेवावी आणि गाडीवर आणावी. सगळा थर उघडला तर रस्त्याचे दगडही दरवाज्यावर उमटतात. गाडीपुढून जाणारा माणूस किंवा खांब पाथ टूलने कापून वर ठेवावा, आणि त्याच्या कडेलाही तेवढाच ब्लर द्यावा.

पुस्तकात छापलेल्या फोटोचा स्कॅन असेल तर त्यात छपाईचे ठिपके असतात. शक्यतो असा फोटो घेऊच नये. व्हॉट्सअॅपवरून आलेला असेल तर वेगळी अडचण: फोटोवर जेपीईजीच्या ८ बाय ८ च्या चौकटी असतात, गाडीवर नसतात. जोडून झाल्यावर सगळं एकदा ७० ते ७५ क्वालिटीवर जेपीईजी करून घ्यावं, म्हणजे चौकटी गाडीवरही येतात. नंबरप्लेट कोरी ठेवू नये आणि वाचता येईल अशीही नको. एक-दोन पिक्सेलचा जास्तीचा ब्लर पुरतो.

फाईल बाहेर देण्याआधी चित्राच्या खालच्या कडेला पांढरी पट्टी जोडून तिच्यावर फोटोचं साल आणि 'मोटार संगणकावर घडवलेली' एवढं छापावं. ग्रुपांतून फिरताना कॅप्शन पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडते. पट्टी घालवायला निदान कुणाला तरी बसून कापावी लागते.